शनिवारची गाडी यायच्या आत

सोमे,

तुला काय जातंय गो! एक वाक्य बोललीस आणि निघून गेलीस. निस्तरायचं कोणी? मी. रोज सकाळी तुझी पोर माझ्या मांडीवर येऊन बसते, माझ्याच पदराला नाक पुसते आणि विचारते, "मावशी, आज गाडी येनार?" मी काय सांगू तिला? तू सांगितलंस ते खोटं, आणि खरं सांगायला गेले तर अख्खी वाडी माझ्या अंगावर येते. जिवंत होतीस तेव्हा तुझं कोणी ऐकत नव्हतं. आता मेलीस तर तुझा शब्द म्हणजे देवाचा शब्द!

म्हणून लिहायला बसले. मी चौथी शिकलेली, चुका काढू नकोस. काल तुझ्या नवऱ्याचा, काळूचा फोन आला होता. विटांची भट्टी बंद झाली, शनिवारी माणसं घेऊन गाडी येते. आज बुधवार. मला दुसरं कोणी उरलं नाय विचारायला, म्हणून तुला विचारते.

तुला आठवतंय ना तू काय बोललीस? का तापात विसरलीस? कापणी नुकती झालेली, तू तापानं फणफणलेली. दवाखान्यात न्यायचं ठरलं म्हणून तुझा भाऊ म्हसा गावाहून आरूला न्यायला आला. पोर तुझा पदर सोडेना. तू उठून बसलीस, तिच्या केसांना तेल लावलंस आणि म्हणालीस, "मी भट्टीवर जाते. भट्टी उठली की गाडीनं येते. तू मामाकडे जा." मी दारातच उभी होते. मनात म्हटलं, बरं सुचलं हिला! पोर लगेच गप्प झाली. मामाचं बोट धरून गेली, मागे वळून बघितलंसुद्धा नाय.

का बघेल? भट्टी तिला माहीत होती. दिवाळी झाली की ट्रक येतात, अर्ध्या वाडीच्या दारांना कड्या लागतात, आणि पावसाच्या तोंडावर माणसं परत येतात. काळी पडून येतात, वाळून येतात, पण येतात. भट्टीवर गेलेलं माणूस येतंच, हे आपण पोरांना दुधाबरोबर पाजतो. तुला दुसरं कुठलं गाव सापडलं नाय का गो नाव घ्यायला?

ठाण्याच्या दवाखान्यात चालत गेलीस, आडवी आलीस. मूठमाती झाली, दहावं झालं. भट्टीचे पैसे आधीच उचललेले, मुकादम दारात ठाण मांडून बसला होता, त्यामुळे काळू डोळे पुसत खरोखरच भट्टीवर गेला. मग आरूला आणली. तिनं रिकामं घर बघितलं आणि आमाला सांगितलं, "आई-बाबा भट्टीवर गेले." कोणी हो म्हणालं नाय, कोणी नाय म्हणालं नाय. ते खोटं इतकं चपखल बसलं की कोणाला तोंड उघडावंच लागलं नाय.

आणि मी या भानगडीत कशी, तर तेही तुझ्याचमुळे! लावणीच्या चिखलात कंबर मोडत होतो तेव्हा तू म्हणालीस, "वैनी, बालवाडीत शिकाऊ बाई घेतायत. जा की तू."

मी म्हटलं, "पंचेचाळिशीला शाळेत जाऊ?"

"तू बैलाला शिव्या देतेस तरी तो तुझंच ऐकतो. पोरं का नाय ऐकणार? आनि तरण्या पोरी येतात, लग्न झालं की जातात. तुझं तर होऊन बसलंय!"

सगळ्या बाया हसून चिखलात बसल्या. तू हसत नव्हतीस. तू म्हणालीस, "माझी आरू कोणाच्या तरी हातात द्यायचीये मला." तेव्हा मला काय ठाऊक, तू कुठपर्यंतचं बोलतेस!

गेले मग. बाकीचे दिवस वाडीतल्या बालवाडीत मोठ्या बाईंच्या हाताखाली, आणि दर गुरुवारी खर्डीहून आसनगाव, तिथून रिक्षानं शहापूरला वर्ग. वर्गात सगळ्या माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी मी तिथल्या बालवाडीतल्या एका कार्ट्यावर खेकसले तर मॅडम म्हणाल्या, "गोदाताई, मुलाशी वरून बोलायचं नाही. खाली बसा, त्याच्या डोळ्यांसमोर या, मग बोला." तेव्हापासून दिवसातून शंभरदा खाली बसते. माझे गुडघे वाजले की पोरं ओरडतात, "मावशीचं हाड बोललं!" तुझी आरू सगळ्यात मोठ्यानं हसते. हसते गो ती. खाते, झोपते, भांडते. म्हणून तर भीती वाटते, की हे सगळं मीच बंद पाडणार.

मागच्या गुरुवारी मॅडमनी विचारलं, घरात कोणी वारलं तर लहान मुलाला काय सांगाल? एक पोरगी म्हणाली, देवाघरी गेली. दुसरी म्हणाली, चांदणी झाली. मॅडम म्हणाल्या, "नको. मूल देवळात शोधेल, आभाळात शोधेल. साधं सांगा. मेली. तिचं अंग चालायचं थांबलं. ती परत येणार नाही. आणि सांगून उठून जाऊ नका, तिथंच बसा."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आणि भट्टीवर गेली असं सांगितलं असलं तर?"

पोरी खिदळल्या. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग ते मूल रस्त्यावर जाऊन उभं राहील, गोदाताई."

येताना आसनगावच्या स्टेशनवर मी एकटीच पुटपुटत होते, "तुझी आई मेली. तुझी आई मेली." शेजारची बाई चार हात लांब जाऊन उभी राहिली. बोलताना जीभ जड होते गो. मी, जी सरपंचालाही तोंडावर बोलते!

परत येऊन मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्याच मांडीवर बसते, तूच सांग. मी बाजूला बसेन." मग तुझ्या सासूकडे गेले, पोर तिच्याकडेच राहते, घरच्यांना विचारल्याशिवाय कसं सांगणार? म्हातारी तांदूळ निवडत होती. सूप बाजूला टाकलं नि उभीच राहिली.

"खबरदार! मरतेवेळचा शब्द हाय तो. मोडलास तर सोमी शांत राहणार नाय. पोरीला धरील."

"मग गाडी आल्यावर काय सांगशील गो म्हातारे?"

"सांगू, फुडच्या गाडीनं येईल."

"आनि फुडच्या?"

तिनं केरसुणी उचलली. "चार दिवस शाळेत गेलीस नि माणसं मारायला लागलीस? तोपर्यंत जिती हाय ना ती पोरीसाठी? राहू दे जिती."

मी वाद घालायची नाय असं कधी झालंय? त्या दिवशी झालं. मुकाट घरी आले. दुसऱ्याच दिवशी आरूला ताप भरला, आणि मी, जिचा भुताखेतांवर विश्वास नाय, ती मीठ-मिरची घेऊन तुझ्या दारात गेले. ताप उतरला. दाढ येत होती, मोठ्या बाई म्हणाल्या. पण माझ्या मनातलं म्हातारीचं बोलणं काही उतरलं नाय.

खरं सांग सोमे, धरशील का गो तू तिला? तुझीच पोर!

काल काळूच्या फोनवर मी म्हटलं, तू बाप आहेस, तू येऊन सांग. तर रडायला लागला. म्हणाला, "वैनी, ती रस्त्यात उभी राहील. मी उतरलो की ती माझ्या मागं बघील. तेवढं मला बघवणार नाय. मी यायच्या आत सांगा, नायतर मी खर्डीलाच उतरून राहीन." आता बोल! म्हातारी म्हणते सांगू नको, नवरा म्हणतो सांगितल्याशिवाय घरी येत नाय.

आणि आज सकाळी काय झालं ऐक. शनिवारचं वाडीतल्या पोरांना कळलंच होतं. आरूनं बालवाडीतलं बाकडं उलटं केलं, त्याचा ट्रक केला. चार-पाच पोरं आत बसवली आणि एकेकाला हाताला धरून उतरवायला लागली. "तू सुकर काका, उतर. तू बाबा, उतर." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तू आई हो. चढ."

मॅडम म्हणतात, मूल बोलावतं तेव्हा खेळात शिरा, खेळ मोडू नका. मी मोठ्या बाईंकडे बघितलं, त्या खिचडी ढवळत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मी चढले. सोमे, मी तू होऊन त्या ट्रकात बसले. आरूनं हात पुढे केला, "आई, उतर." उतरले. तिनं मान वर करून बघितलं. म्हणाली, "एवढा उशीर का केलास?"

मी काहीही बोलले असते तर ते तुझं बोलणं झालं असतं. "भट्टीवर काम होतं" म्हटलं असतं तर मीही तुमच्यातली झाले असते. "मी मेले" म्हणू? तिनं हात धरलेला असताना?

शेजारचा पक्या ओरडला, "मावशीला आईचं काम येत नाय!"

आरूनं माझा हात सोडला. अगदी शहाण्या बाईसारखी म्हणाली, "राहू दे. खरी शनिवारी येनारे." आणि बाकडं सरळ करायला लागली.

मला भीती वाटते, सोमे. फुरसं मी काठीनं ठेचलंय, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला पावसात अंगणात उभं केलंय. पण त्या वीतभर पोरीला काय सांगू याची भीती वाटते. ती किंचाळली तर? किंचाळली नाय, नुसतं "बरं" म्हणून खेळायला गेली तर? परत माझ्या हातचं खाल्लं नाय तर? आणि म्हातारीचं तरी काय चुकलं? या जगात एकाच जागी तू अजून विटा थापतेस, हसतेस, गाडीची वाट बघतेस, ती जागा त्या पोरीच्या डोक्यात आहे. तिथून तुला मी काढायचं. मी! जिला तू म्हणालीस, माझी पोर हातात घे.

ऐक. वचन देते. देवाघरी म्हणणार नाय, चांदणी म्हणणार नाय. आहे तेच सांगेन, हळू सांगेन. मग ती मला मारू दे, चावू दे, अंगावर मुतू दे, मांडीवरून खाली उतरवणार नाय. ती उद्या विचारील, परवा विचारील, तेच तेच विचारील, मी दर वेळी तेच सांगेन आणि खेकसणार नाय. शनिवारी तिला कडेवर घेऊन रस्त्यावर जाईन, बापाला आणायला.

पण शब्द तुझा आहे, तो तूच परत घे. मी मोडला असं व्हायला नको. कशी कळवशील ते मला माहीत नाय. स्वप्नात ये, म्हातारीच्या अंगात ये, तिथंच तुझं चालतं. शुक्रवारी खिचडी खाऊन पोरं हात धुवून आली की मी आरूला घेऊन बसणार आहे. त्याच्या आत मला तुझं उत्तर पाहिजे. हो की नाय, एवढंच. गप्प बसलीस तर मी हो समजेन, मग नंतर पोरीशी नाय, माझ्याशी भांडायला यायचं.

शुक्रवार दुपार, सोमे. शनिवारी सांगून उपयोग नाय.

तुझी,
गोदावैनी