कोपरावरची खूण

१२ जून

काल सेकाईच्या मूर्तीची पाहणी झाली.

मूर्ती आगीत जाण्याआधी टेकडीवरच्या सगळ्या मूर्तिकारांनी ती एकदा पाहायची. दोष दिसला तर कोळशाने तिथे खूण करायची आणि कारण सांगायचं. आगीत तापून चकाकीसाठी मेण चढलं की मग फक्त ‘छान’ म्हणायचं. हा नियम मीच नव्या लोकांकडून घोकून घेतो!

काळ्या दगडाची, कमरेएवढी उंच बाई. चालता चालता मान वळवून मागे पाहतेय. सेकाईची आई — गेल्या पावसाळ्यात वारली ती. मूर्ती चांगली आहे. फार चांगली आहे — इथे लिहायला काय जातंय, कोण वाचतंय. पुढच्या महिन्यात हरारेच्या कलादालनाच्या बाई येणार आणि परदेशातल्या प्रदर्शनासाठी टेकडीवरचं एकच काम उचलणार. कोणतं, ते काल सगळ्यांना कळलं.

मी हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहिली. खांदा खणखणीत. पाठ खणखणीत. मानेमागे, कानाच्या जरा खाली — बद्द. पुन्हा वाजवली. बद्दच. आत चीर आहे. चाळीस वर्षं दगड ऐकतोय, एवढं कळतं.

कोळसा माझ्याच हातात होता. मी कोपरावर खूण केली. म्हटलं, कोपर जाड झालंय, जरा उतरव.

“खरंय, मुकोमा,” ती म्हणाली. “उद्याच उतरवते.” मला मुकोमा म्हणते — मोठा भाऊ.

खोटं काय बोललो? कोपर जाड होतंच.

१३ जून

एप्रिलमध्ये माझ्या घुबडाची पाहणी झाली, तेव्हा सेकाईने खूण केलीच नव्हती. कोळसा खाली ठेवून दिला होता. “खूण कुठे करू, मुकोमा? हे घुबड तुम्ही चाळीसदा केलंय. हात करत होते, तुम्ही नव्हतातच.” सगळ्यांसमोर. कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

बरोबर बोलली होती. म्हणूनच तर अजून डाचतंय.

१४ जून

कोपर उतरवलं तिने. हात एकदम जिवंत झालाय. लोक मला म्हणाले, काय नजर आहे तुमची!

आग परवा आहे. अजून सांगता येईल.

१५ जून

तिच्या अंगणापर्यंत गेलो होतो. तिचा नवरा लव्हमोर लाकडं रचत होता. सेकाई घरात नव्हती. लव्हमोरला सांगून काय उपयोग, असं मनाशी म्हणत परत फिरलो. माझ्यासारखा भित्रा माणूस या टेकडीवर नाही.

१६ जून

फुटली.

दुपारी. दगड पुरता तापला होता, सेकाई मेणाचा बोळा घेऊन वाकली आणि मानेतून बार उडाल्यासारखा आवाज झाला. डोकं गवतात जाऊन पडलं. एक कपची तिच्या डाव्या डोळ्यात घुसली. ओरडली नाही. ‘माझी मूर्ती बघा’ एवढंच म्हणत राहिली. डोळ्यातून रक्त गळतंय आणि म्हणतेय मूर्ती बघा!

मी तिला धरून गाडीत बसवलं. या हातांनी.

१७ जून

डोळा काढावा लागला.

टेकडीवर एकच बोलणं. लव्हमोरने आग घाईने वाढवली. ओलं लाकूड, कोरडं लाकूड एकत्र घातलं. स्वतः दगड घडवत नाही, त्याला काय कळणार? मी तिथेच बसलो होतो. मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, आग हळूच वाढवायला हवी.

हेही खोटं नाही. मी खोटं कधी बोलतच नाही!

२० जून

बायकोने मक्याचं घट्ट सादझा वाढलं, सोबत वाळवलेले मासे. दोन घास खाऊन उठलो. तिला वाटतं मी सेकाईच्या दुःखाने झुरतोय. शेजारणीला कौतुकाने सांगत होती.

२३ जून

सेकाईच्या अंगणात कोणी नाही बघून मूर्तीचं डोकं उचललं. मान जिथून तुटली तिथे विटकरी डाग आहे, तीन बोटं रुंद. पाणी मुरून मुरून पडलेला. धडाकडची बाजू कपच्या होऊन उडालीय, डाग उरलाय तो फक्त डोक्याकडे. म्हणजे चीर जुनी, आगीच्या कितीतरी आधीची. दगडाचं काम करणाऱ्या कोणालाही हे एका नजरेत कळेल आणि लव्हमोर सुटेल.

पोत्यात घालून डोकं धरणात टाकून आलो. ही आता मत्सराची गोष्ट राहिली नाही, ही चोरी आहे. एका मेलेल्या बाईचा चेहरा मी चिखलात टाकला.

२८ जून

सेकाई घरी आली. अर्ध्या तोंडावर पट्टी. लव्हमोरशी एक शब्द बोलत नाही. तो हत्यारांच्या खोपटात झोपतो. वाळला आहे. आज विहिरीवर मला धरून म्हणाला, “बाबा, मी लाकूड मोजून घातलं होतं. एकेक ओंडका. तुम्ही तिला सांगा ना, तुमचं ती ऐकेल.”

सांगतो म्हणालो.

३ जुलै

हरारेच्या बाई आल्या आणि माझं घुबड घेऊन गेल्या. सगळ्यांनी हात मिळवले. लव्हमोरनेसुद्धा.

५ जुलै

खोकला आणि झोप नाही. गेल्या वर्षी आमच्यातलाच एक दगडाच्या धुळीने छाती भरून गेला, तसाच मीही जाणार. हे पोटात ठेवून जायचं का?

उद्या जातो. नक्की.

६ जुलै

गेलो नाही.

७ जुलै

सांगितलं. डोकं धरणात टाकलं तेही सांगितलं. लव्हमोर महेऊचे, मक्याच्या आंबट पेयाचे, पेले आणून ठेवत होता, तो तिथेच थांबला.

सेकाई चिडली नाही. म्हणाली, “बद्द आवाज मलाही आला होता. पहिल्याच आठवड्यात. पण आईची मूर्ती, सोडवेना. म्हटलं, मुकोमांचा कान चुकत नाही, ते काय म्हणतात बघू. तुम्ही मानेवर दोनदा वाजवलंत आणि खूण केलीत कोपरावर. तेव्हा वाटलं, मलाच भास झाला. मी स्वतः लव्हमोरला म्हटलं, पेटव. आणि दगड चांगला होता तर चूक आगीचीच, असं धरून तीन आठवडे या माणसाचं तोंड पाहिलं नाही.”

मग लव्हमोर पुढे आला आणि माझा अर्धा भरलेला पेला उचलून आत घेऊन गेला.