बेसबॉलच्या मैदानात गाडीची खूण

पनवेल, बुधवार

ती. कुमुदबाय,

तुझ्या पायांना धाकट्या बहिणीचा, कृष्णाचा नमस्कार, आणि त्यातल्या उजव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण तो पुन्हा दुखायला लागला असं बर्फाचा टेम्पोवाला बाळू सांगत होता. गुडघ्याला निगडीचा पाला बांध आणि डॉक्टरकडेही जा, एकावर भागत नाही. भावजींची होडी रंगवून झाली का? सुनेशी बोलतेस का, की अजून भांड्यांशीच बोलतेस? आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत, फक्त माझी जीभ सोलवटली आहे, त्याची हकिगत खाली येते. (फोन का केला नाही, विचारशील. तू फोनवर बोललीस की तिकडे करंज्यातली अर्धी आळी ऐकते आणि इकडे आमच्या एका खोलीत कोमलचे कान आहेत. म्हणून ही चिठ्ठी बाळूच्या हाती. आणि लिहिताना मी हाय-नाय न लिहिता आहे-नाही लिहिते म्हणून हसू नकोस. चौथीच्या बाईंनी पट्टी मारून तेवढंच शिकवलं होतं, तेवढ्यात बापाने शाळेतून काढून टोपली दिली.)

तर आमची कोमल नववीत गेली आणि शाळेच्या बेसबॉलच्या संघात लागली. बेसबॉल म्हणजे क्रिकेट नाही. ह्यात दांडका गोल असतो, मैदानाला चार कोपरे असतात, चेंडू मारून कोपऱ्याकोपऱ्याने पळायचं आणि निघालो त्याच कोपऱ्यात परत यायचं. त्या शेवटच्या कोपऱ्याला ते लोक घर म्हणतात. घरी पोचली की एक धाव. आमच्या ह्यांना समजावून सांगितलं तर म्हणाले, घरीच यायचं तर गेली कशाला. मी म्हटलं, तुमी रोज कामावर जाता ते तरी कशाला. मग डबा उचलून निघाले.

खेळ सोपा आहे, वागणं कठीण आहे. त्यांचे एक सत्यजीत सर आहेत, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, वय आपल्या बाळूएवढं पण बोलणं पोलीसपाटलाचं. त्यांनी पालकांना बोलावून नियम वाचून दाखवले. वेळेच्या आधी यायचं. शर्ट आत खोचायचा. पंच बाद म्हणाला की बाद, तोंड वाकडं करायचं नाही. समोरच्या मुलींना चिडवायचं नाही. आपल्यातल्या कुणाच्या हातून चेंडू सुटला तर हसायचं नाही. दांडका आपटायचा नाही. बाकावर बसवलं तर रुसायचं नाही, बसल्या जागेवरून टाळ्या वाजवायच्या. माझ्या शेजारी खारघरच्या टॉवरमधली इराची मम्मी बसली होती, ती प्रत्येक नियमाला मान डोलवत होती. मी तिला हळूच म्हटलं, हे नियम आपल्या मच्छीबाजाराला लावले तर संध्याकाळपर्यंत एक बांगडा विकला जायचा नाही. ती म्हणाली, आंटी, इट्स फॉर डिसिप्लिन. मी म्हटलं, तेच म्हणते मी.

शेवटचे दोन नियम सरांनी उभं राहून सांगितले, ते नीट वाच. एक, सरांनी हाताने खूण केल्याशिवाय कुठल्याही मुलीने आपल्या मनाने पळायचं नाही. पळाली तर पुढचा सामना बाकावर. दुसरा, पालकांनी बाहेरून शिकवायचं नाही, ओरडायचं नाही. पालकाने काही सांगितलं आणि पोरीने ऐकलं तर पोरीला शिक्षा नाही, पालकाला पुढच्या सामन्याला मैदानात बंदी. मी हात वर करून विचारलं, "आणि पोरीला खोटं बाद दिलं तर?"

"तरीही काही बोलायचं नाही, काकू."

"तरीही म्हंजे कवापर्यंत?"

"तरीही म्हणजे तरीही."

आता असल्या माणसाशी काय बोलायचं.

पहिला घोटाळा मोज्याचा झाला. बेसबॉलमध्ये एका हातात चामड्याचा मोठा मोजा घालून चेंडू झेलतात. सर म्हणाले, ज्याने त्याने आपला मोजा तेल लावून मऊ ठेवायचा. कुठलं तेल ते सांगितलं नाही. चूक कुणाची? घरात मुशी माशाच्या काळजाचं तेल होतं, तूच भावजींच्या होडीचं उरलेलं दिलं होतंस. मी म्हटलं, ज्या तेलाने लाकडाची होडी वर्षानुवर्षं टिकते त्याने चामडं किती टिकेल, आणि रात्रभर मोजा त्यात मुरवला. मऊ असा झाला म्हणतेस, लोण्यासारखा. दुसऱ्या दिवशी सरावाला मैदानाच्या कुंपणातून एक मांजर आली. मग तिची बहीण आली. मग बहुतेक सासरची आली. कोमल जिकडे उभी तिकडे मांजरी उभ्या, ती झेल घ्यायला उजवीकडे पळाली की सगळं वऱ्हाड उजवीकडे. एक बोका तर बाकावर जाऊन सरांच्या मांडीवरच बसला, कारण सरांनी मोजा हातात घेऊन बघितला होता. इराची मम्मी नाकाला रुमाल लावून म्हणाली, आंटी, हे ऑरगॅनिक आहे का. मी म्हटलं, हो, पूर्ण मुशी आहे. सरांनी त्या दिवशी वहीत नवा नियम लिहिला, तेल फक्त सर देतील. बाय, आपल्यामुळे शाळेत नियम झाला, ही काय लहान गोष्ट आहे?

दुसरा घोटाळा पहिल्या सामन्याला. कोमल दुसऱ्या कोपऱ्यावर घसरत पोचली, धुळीचा लोट उठला आणि पंचाने बाद दिलं. मला नियम आठवत होता. मी ओरडले नाही. मी उठून शांतपणे चालत मैदानात गेले आणि पंचाला म्हटलं, "दादा, तिचा पाय लागला हाय, मी पायला." तो म्हणाला बाद. मी म्हटलं, "बरं, तुमचंबी नको, माझंबी नको. अर्धी बाद धरा." तो म्हणाला अर्धी बाद नसते. मी म्हटलं, "असं कसं नसते, पाव किलो मिळतं तर अर्धी बाद का नाय?" आणि निघून जायचं सोंग करून पाठ फिरवली, गिऱ्हाईक फिरवतं तशी, म्हणजे मागून हाक येते. ह्याने हाक मारली नाही. बाजारात असा माणूस मी पाहिलेला नाही. मी आपली चालत चालत पार कुंपणापर्यंत गेले. सर तिथे उभेच होते. म्हणाले, काकू, ही शेवटची समज.

मग गेल्या रविवारी सेमीफायनल, खारघरच्या मैदानावर. ही जिंकली तर फायनल, आणि फायनलमधूनच जिल्ह्याच्या संघाला मुली निवडणार. कोमलने आदल्या दिवशी मला बसवून सांगितलं, आई, तू एक शब्द बोललीस तर मी तुला ओळखणार नाही. मी म्हटलं, ठीक. सकाळी निघताना तोंडात आख्खी सुपारी घातली आणि जिभेखाली दाबली. (सोलवटलेली जीभ ती हीच.) पायऱ्यांवर आंब्याखाली बसले. डाव्या हातात कोमलची पाण्याची बाटली, कारण बाटली सांभाळणं हे पालकांचं काम आहे असाही एक नियम आहे. सामना सगळा बघितला आणि हूं की चूं केलं नाही. इराची मम्मी तीनदा म्हणाली, आंटी, आर यू ओके. मी नुसती मान हलवली. बोलता येत नसलं की माणूस किती शहाणा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी दोन्ही बाजूंच्या धावा सारख्या झाल्या. कोमल तिसऱ्या कोपऱ्यावर, म्हणजे घरापासून एक धाप लांब. दांडका इराच्या हातात, आणि ती डोळे बारीक करून सगळ्या देवांना एकदम बोलावत होती. सर टोपीला हात लावून उभे, म्हणजे थांब, पळू नकोस. समोरची फेकणारी पोरगी चेंडू घेऊन तयारीत. आणि त्याच वेळेला आंब्यावरची लाल मुंगी माझ्या मानेवर पडली आणि चावली. मी चापट मारली आणि आणखी पडतील म्हणून पदर डोक्यावर ओढला.

आता तू कपाळाला हात लावला असशील, कारण ही आपली गाडीची खूण. बाजारात ओटा मिळायच्या आधी आपण रस्त्याच्या कडेला बसायचो तेव्हाची. उजव्या हातात कोयता असायचा, म्हणून डाव्या हाताने मानेवर चापट आणि पदर डोक्यावर, म्हणजे पालिकेची गाडी आली, टोपली उचल आणि मागे न बघता पळ. कोमल टोपलीएवढी होती तेव्हापासून तिला ही खूण माहीत आहे. किती वेळा तिने पापलेटची पाटी उचलून गल्लीत धूम ठोकली आहे.

तर कोमल पळाली. सरांची खूण नाही, इराने मारलेलं नाही, फेकणारीच्या हातात चेंडू तसाच, आणि ही सरळ घराकडे. पालिकेची गाडी पण मागे राहिली असती. फेकणारी दचकली, तिने चेंडू फेकला तो झेलणारीच्या डोक्यावरून गेला, इरा दांडका घेऊन बाजूला उडाली, आणि कोमल पोटावर घसरत घरी. जिंकलो. मी उभी राहिले, ओरडायला तोंड उघडलं आणि सुपारी गिळली. आख्खी. ती अजून खाली कुठे आहे मला माहीत नाही.

सगळी पोरं नाचत होती आणि सर नाचत नव्हते. त्यांनी कोमलला बाजूला घेतलं, मी बाटली घेऊन मागोमाग. "मी थांब म्हणालो होतो. कुणाला विचारून पळालीस?"

कोमलने मान खाली घातली. "आईने खूण केली."

सर माझ्याकडे बघायला लागले. "काकू, केलीत खूण?"

मी म्हटलं, "केली."

झालं. नियम म्हणजे नियम. फायनलला कोमल खेळणार आणि मला मैदानात बंदी, फाटकाच्या आत पाय नाही. इराची मम्मी म्हणाली, सो सॅड आंटी. मी म्हटलं, मुंग्या बघून बस.

असो. पत्र लिहायला कारण काही नाही, गुडघ्याची चौकशी करायची होती एवढंच. सुनेला आशीर्वाद, भावजींना नमस्कार, आणि जवळा सुकवला असशील तर बाळूच्या हाती थोडा धाड.

तुझी,
कृष्णा

ता. क. : कारण आहे. रविवारी सकाळी त्याच मैदानावर फायनलला तू ये. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, बाळू टेम्पोने आणून सोडेल, त्याला मी दम दिला आहे. माझ्या जागेवर आंब्याखाली सगळ्यात वरच्या पायरीवर बस, तुझं ते हिरवं लुगडं नेस म्हणजे लांबून दिसतेस. सर काही म्हणाले तर सांग, नियमात पालक लिहिलंय, मावशी लिहिलेली नाही. येताना रिकामी टोपली आण. आणि बाजारातल्या खुणा विसरली नाहीस ना? त्यांचं काम आहे.

ता. क. २ : मावशी, मी कोमल. आईने ही चिठ्ठी तांदळाच्या डब्यात लपवली आणि मलाच तांदूळ काढायला सांगितले. प्लीज तू खुणा वगैरे करू नकोस. खरं सांगू का, मी त्या वेळी आईकडे बघतच नव्हते. ती पिचर दरवेळी चेंडू टाकायच्या आधी डोळे मिटून मोठा श्वास घेत होती, ते मी मघापासून बघत होते आणि मला राहवलं नाही. आई मान चोळत होती ते मला शेवटच्या कोपऱ्यावर पोचल्यावर दिसलं. मनाने पळाले म्हणाले असते तर मी फायनलला बाकावर, आणि जिल्ह्याचं गेलंच असतं. म्हणून तोंडातून आईचं नाव निघालं. आई नुसती 'केली' म्हणाली, ते मला खूप लागलं. तेव्हापासून जेवण नीट जात नाही. तू आलीस की तूच आईला सांग, मला धीर होत नाही. आत्ता काही दाखवू नकोस.

ता. क. ३ : बाळू दारात हॉर्न वाजवतो आहे. जवळ्याबरोबर बोंबील पण लिहावेत म्हणून चिठ्ठी उघडली आणि वरचं वाचलं. हिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, एवढं तरी शाळेने केलं.

बाय, मला मैदानातच कळलं होतं. गाडीची खूण डाव्या हाताची, आणि डाव्या हातात बाटली होती. मुंगी मी उजव्या हाताने मारली. बाजारात वाढलेली पोर उजव्या हाताला गाडी समजेल का? पण सर मला विचारत होते तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत होती, जाळ्यातून नुकताच काढलेला मासा बघतो ना, तशी. मग काय करू, केली म्हटलं. सर बिचारे रस्त्यावर बसलेले नाहीत, त्यांना डावं-उजवं काय कळणार.

तिला सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून. रविवारपर्यंत तर नकोच, कारण तेव्हापासून ती न सांगता भांडी घासते, पाणी भरते, काल माझे पाय पण चेपले. फायनल झाली की मी सांगेन, आणि मनाने पळाली म्हणून दोन धपाटे देईन, आणि पळाली म्हणून पापलेट तळेन.

तू मात्र ये. खुणा तिला करायच्या नाहीत, ती आता शहाण्यासारखी सरांच्याच टोपीकडे बघणार आहे. खुणा मला कर. मैदानाच्या भिंतीबाहेर बस थांबते तिथल्या कट्ट्यावरून खेळ दिसत नाही, मी सोमवारी जाऊन बघून आले. पण ती वरची पायरी दिसते. काय चाललंय ते मला तिथून सांगत राहा. आणि ती घरी पोचली की आपण सगळा माल खपल्यावर करायचो तशी टोपली पालथी करून डोक्यावर धर. लोक बघतील, बघू देत.

भिंतीच्या बाहेर सरांचा नियम चालत नाही. मी सुपारी आणणार नाही.