सलूनच्या सुट्टीतलं चित्र

४ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आत्या, आधी खाली बस, मग पुढे वाच! 'प्रेम' या विषयावरच्या चित्रप्रदर्शनात मला चक्क समोरची भिंत मिळाली आहे. दारातून आत आलं की पहिलं माझंच चित्र! तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

पण चित्र कुठाय? आजवर काढलेली माझी जोडपी सगळी ओढूनताणून बिलगलेली. खिडकीत चंद्र, खांद्यावर मान. आमचे सर म्हणाले, यांना प्रेम करायचा पगार मिळतो वाटतं! झोंबलं, पण खरं होतं. म्हणून गेल्या खेपेला आई-बाबांनाच बाकावर बसवलं, तर दोघांच्या मध्ये तिसरा माणूस ऐसपैस मावेल एवढी जागा! बाबा असे ताठ, की जणू कुणी त्यांचीच दाढी करतंय. आईचं सगळं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे.

तू भिंतीपलीकडेच राहतेस, खरं सांग. यांचं एकमेकांवर प्रेम आहे ना गं? मी त्यांना कधी हात धरतानासुद्धा पाहिलेलं नाही. हे फक्त चित्रासाठी विचारत नाहीये.

तू शेफारून ठेवलेली,
तुझीच भाची


७ मार्च

चि. ठमाबाईस अनेक आशीर्वाद.

अगं, काखेत कळसा नि गावाला वळसा! प्रेम काय बाकावर बसवून दिसतं होय?

मंगळवारी दादाच्या सलूनला सुट्टी असते, तेव्हा दुपारी ये. पुढचं शटर खाली दिसलं म्हणून परत फिरू नकोस, मागच्या बोळातलं दार नुसतं लोटलेलं असतं. तुझ्या आईचं मनगट मोडलं होतं ना, तेव्हापासून दादा तिचे केस धुऊन देतो. मनगट केव्हाच बरं झालं, केस धुणं काही थांबलं नाही! विचारलं तर म्हणतात, दुकान झाडायला जातो. मी एकदा त्यांची वाटी परत द्यायला गेले आणि वाटी घेऊन तशीच पाय न वाजवता मागे आले.

माझं नाव मात्र घेऊ नकोस, नाहीतर वहिनी अबोला धरेल.

आशीर्वाद कमी पडले तर मागून घे.
आत्या


१५ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

आत्या गं, पाहिलं! आई खुर्चीत मागे रेललेली, मान बेसिनच्या कडेवर, डोळे गच्च मिटलेले. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून बाबांचा एक हात तिच्या कपाळावर आडवा. गिऱ्हाइकांशी अखंड बडबडणारे आपले बाबा, आणि तोंडातून अवाक्षर नाही! नुसते तिच्याकडे बघत होते. कसे, ते मला लिहिता येत नाही, म्हणून काढलं. खोलीवर परत येऊन आठवेल तसं काढत सुटले, जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती. सरांनी तर चित्र स्वतःच उचलून उजेडात नेलं!

आता मात्र चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. आईला न विचारता तिचं इतकं खाजगी काही मी चारचौघांत मांडायला निघालेय. शनिवारी प्रदर्शन उघडतंय. चित्राचा फोटो सोबत आहे, तूच तिला दाखव. ती नको म्हणाली तर भिंत रिकामी ठेवीन, शप्पथ.

घाबरलेली,
ठमी


१९ मार्च

चि. ठमीस आईचे आशीर्वाद.

फोटो पाहिला. तुझ्या आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, दारातच सगळं सांगून मोकळी झाली. मी अशी चिडले म्हणून सांगू! आईबापांना चोरून बघतेस? हे तर फोटो बघून उठलेच, आणि न गळणारा नळ दुरुस्त करत बसले. पत्र लिहायला घेतलं ते तुला 'नाही' म्हणायलाच.

मग फोटो पुन्हा हातात घेतला. अगं, साबणाच्या भीतीने मी दरवेळी डोळे मिटूनच असते. उघडते तेव्हा हे टॉवेल घेऊन उभे, आणि तोंड नेहमीचंच, वीजबिल आल्यासारखं. हे माझ्याकडे असं बघतात हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं गं! मी किती वेळ तो फोटो घेऊन बसले होते.

लाव भिंतीवर. शनिवारी आम्ही दोघंही येतोय, ह्यांनी शर्ट इस्त्रीला टाकलासुद्धा.

आणि ह्यांना बोलू नकोस, पण येत्या मंगळवारी मी डोळे उघडे ठेवणार आहे. जाईना का साबण!

माया आहेच, ती काय लिहायची.
तुझी आई