भिंतीवरचा तक्ता

परभणी, मे १९९१. मंगळवार.

आज तक्ता आणि प्रोग्राम तंतोतंत जुळले, तिथंच मला शंका आली. बियाणं तपासणीचा प्रोग्राम मोहन लिहितो. त्याच्या पायऱ्यांचा भिंतीवरचा तक्ता मी काढतो. तो बदल करून सांगत नाही, माझा तक्ता मागं राहतो. दोन वर्षं हेच चाललंय. मग आज कसे जुळले? ‘उगवण कमी, तर नापास’ हा चौकोन दोन्हींतून गायब. म्हणून बोरी गावची कमी उगवणीची सरकीही पास, आता पेरायला जाईल. आणि तक्त्याखाली माझी सही, मी न केलेली!

मोहन म्हणाला, “तुमीच काढलाय की, सर.”

पण चौकोन आखायच्या माझ्या स्टेन्सिलचा कोपरा तुटलाय. माझा प्रत्येक चौकोन त्या कोपऱ्यात उघडा राहतो. हे सगळे बंद कसे?

साहेबांना दाखवलं. म्हणाले, “जुळायलंय ना? मग झालं.”

त्यांच्या टेबलावर नवंकोरं स्टेन्सिल होतं.