हाडाला लागणारा भार

आईस,
तुझ्या मोडून जुळलेल्या मनगटासकट तुला नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीही उबदार आहे. दादाचा खोकला गेला का? वहिनी अजून तुला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही ना? तिला बोल लावू नकोस, तशी ताकीद मीच दिली होती.

आज ती मागे घेते. झालं असं, की प्रयोगशाळेत हाडाच्या पेशींच्या बश्या सतत हलवणारं यंत्र मी सुरू करायलाच विसरले. पेशी चार दिवस निवांत पडून राहिल्या. हाडात बांधणाऱ्या पेशी असतात, तशा पोखरणाऱ्याही असतात. कोणी कामाला लागायचं, ते हाडात रुतून बसलेल्या तिसऱ्याच पेशी निरोप धाडून ठरवतात. हाडावर भार पडेनासा झाला, की बांधणाऱ्यांना ‘थांबा’ आणि पोखरणाऱ्यांना ‘या’. माझ्या बश्यांत नेमके तेच निरोप साचले होते. आमच्या मार्गदर्शक बाई एवढंच म्हणाल्या, “पहिल्यापासून करा.” तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

तेव्हा डॉक्टरांना विचार आणि हळूहळू कामाला लाग. तांब्या तूच उचल, जिना चढ. पडू मात्र नकोस, नाहीतर दादा मला फाडून खाईल.

आणखी एक. तुझ्यावर भार नको, म्हणून वर ‘मजेत आहे’ लिहिलं. गेली दोन वर्षं तेच लिहितेय.

मी फार दमले आहे, आई. एवढं उचलशील ना?

तुझीच,
धाकटी