चौथा ठोका

३ ऑगस्ट, रविवार
हिंगोलीहून चार स्पार्क प्लग आणले, सिलिंडरमागं एक. प्लगचे चारशे ऐंशी. जाण्यायेण्याचं पेट्रोल पाचशेचं. दुकानदार जेवायला गेलेला, तेवढ्यात दोन चहा, एक प्लेट भजी. शिवाय बायकोचा, मिराबाईचा अबोला. चालत्या गाडीला काहून दवाखाना, असं तिचं म्हणणं. अबोला हिशोबात धरला तर प्लग फारच महाग पडले.

गाडी सेकंडहँड, पांढरी, पेट्रोलवरची. जीप हरिचंदला विकून घेतली. तो आता माझ्याच गोरेगाव-हिंगोली लाईनवर माझ्याच थाटात हॉर्न वाजवत फिरतो. फिरू दे.

दोष एकच. स्टार्ट केली की टुक, टुक, टुक, आणि चौथा ठोका गायब. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, मला येतं. क्लीनर होतो तेव्हापासून कान तयार आहे. कुणाचीही जीप फाट्यावर वळायच्या आधी चारांतला कोणता सिलिंडर रुसलाय ते मी घरात बसून सांगायचो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो हे खरं. पण कान तोच.

संकल्प : १३ तारखेला निलमला नांदेडला नर्सिंग कॉलेजात या गाडीतून सोडायचं. अख्ख्या तांड्याच्या पोरी मी कॉलेजात पोचवल्या, सासरी पोचवल्या. आता आपली पोरगी, आपली गाडी, पुढची सीट.

५ ऑगस्ट
उद्धव मिस्त्रीनं प्लग बसवले. मी तेवढ्यात फोनवर होतो. एक प्लग परत दिला. म्हणाला, देविदासभाऊ, हा ठेवा, हिला... मी मध्येच म्हणालो, स्पेअर, कळलं. प्रामाणिक माणूस. चारांतला एक जुना चांगला दिसला असणार, तोच ठेवला असणार. उरलेला डॅशबोर्डच्या खणात टाकला.

स्टार्ट केली. टुक, टुक, टुक. झालं. तो जुनाच बसलाय मुका होऊन.

७ ऑगस्ट
पुन्हा हिंगोली. साधे नको म्हणालो, चांगले दाखवा. प्लॅटिनमचे निघाले. काउंटरवर एकेक वाजवून बघितला, माठ वाजवून घेतो तसा. चारही एका सुरात. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, याला रांजण घ्यायचा असंल, चुकून इकडं येऊन राहिला. माझ्या कानातून काही सुटत नाही.

दुकानदार म्हणाला, गाडी कोणती? चारच पायजेत का? मी म्हणालो, चारच, पाचवा काय तुमच्या मोटारसायकलला देऊ? त्यानं बिल केलं.

८ ऑगस्ट
उद्धवला बजावलं, चारही नवे टाक. तरी एक परत. विचारलं तर अंगावर आला, चौथा कुठं लावू भाऊ, माझ्या कपाळात? हल्ली मिस्त्री लोकांना गिऱ्हाइकाशी बोलायची रीत राहिली नाही. शिवाय कामचुकार. खणात दुसरा प्लग.

ठोके तीनच. निलमला बसवून फेरी मारली. म्हणाली, बाबा, छान चालून राहिली की गाडी. पोरगी हुशार आहे, कान मात्र आईवर गेला.

११ ऑगस्ट
इरिडियम. हा एक धातू असतो. नुसतं नाव ऐकून इंजिननं सुधारावं. किंमत लिहीत नाही, ही वही मिराबाईच्या हाती लागू शकते.

उद्धवनं प्लग हातातून घेतले. बसवले, एक माझ्या वरच्या खिशात घातला आणि खिसा थोपटला. तोही मग खणात टाकला.

१२ ऑगस्ट, संध्याकाळ
तीनच.

निर्णय घेतला. तीन पायांच्या गाडीत पोरीला बसवणार नाही. बाराच्या आत कॉलेजात हजर व्हायचंय. औंढ्याच्या पुढं बंद पडली तर सीट जाईल. निर्णय कठोर आहे, पण बराबर आहे. हरिचंदला फोन केला. म्हणाला, या की भाऊ, जीप तुमचीच तर हाय. मग हसला. फोन बाजूला धरून हसला, पण आलं ऐकू.

मिराबाई म्हणाली, आवं, तुमी गाडी बसायला घेतली का ऐकायला? मी बादली घेऊन गाडी धुवायला गेलो.

१३ ऑगस्ट, सकाळ
माय-लेकी गेल्या. हिंगोलीपर्यंत जीप, पुढं एसटी. जीपमध्ये मागं दाटीत बसल्या, निलमच्या मांडीवर पेटी. म्हणाली, बाबा, दिवाळीला न्यायला तरी गाडी घेऊन या. मी म्हणालो, दिवाळीपर्यंत चौथा बोलला म्हणून समज.

पांढरी गाडी दारात धुऊनपुसून उभी. काल सांजच्याला पुढच्या सीटवर नवा टॉवेल टाकला होता. जीप फाट्यावर वळली. चारही सिलिंडर झक्क.

दुपारी
निलमचा फोन. ॲडमिशन झालं. हॉस्टेलची खोली बरी आहे. खोलीतल्या दुसऱ्या पोरीला तिच्या वडिलांनी मोटारसायकलवर बसवून आणलं म्हणे, पार सेनगावहून. मी म्हणालो, पावसापाण्यात अशी रिस्क घेऊ नये. ती व्हय म्हणाली.

१४ ऑगस्ट
चौथा प्लग स्वतःच बसवायचं ठरवलं. कारागिरांवर विसंबून काही होत नाही. उद्धवकडून पाना मागून आणला. देताना तो काहीतरी सांगत होता, मी थांबलो नाही.

बॉनेट उघडलं. वरचं झाकण काढलं. पहिला प्लग. दुसरा. तिसरा. पुढं बोट फिरवलं. टॉर्च आणला. गाडीच्या दुसऱ्या बाजूनं जाऊन बघितलं. मिराबाई दारातून बघत होती.

इंजिन तीन सिलिंडरचं आहे. बनतानाच तसं बनलंय.

खणातले उरलेले प्लग काढून सीटवरच्या टॉवेलवर ठेवले. एक साधा, एक प्लॅटिनम, एक इरिडियम. या गाडीला तेवढेच लागतात.