वाट्यातलं पापलेट

नवापूर,
५ नोव्हेंबर

फोन उचलायचा नसेल तर तो विकून टाक आणि त्या पैशांचे बोंबील घे. परवा फोन केला तर तू मीटिंगला, काल केला तर मोर्चाला, आणि आज कोणी वर्षाराणी बोलली की मॅडम घोषणा लिहितायत. उद्या मी मेले तर तेसुद्धा तुला घोषणेतनंच कळवावं लागेल.

चि. प्रतीक्षा, अनेक आशीर्वाद. ते आधी द्यायचे असतात हे मला माहीत हाय, पण राग आधी आला.

आमी बरे आहोत. तुझा बाप मनीष टेम्पोतनं पालघरला मासळी टाकायला येतोच, म्हणून हे पत्र त्याच्या हाती, सुकटीच्या डब्यात. पोस्टाचा भरवसा नाय आणि तुझ्या फोनचा त्याहून नाय.

बाजारात माझ्या शेजारी बसते त्या बायडीने पेपरातला फोटो दाखवला. कलेक्टर कचेरीसमोर तू काळी फीत लावून उभी, तोंड एवढं उघडं. मी भरवत होते तेव्हा असं तोंड उघडलं असतंस तर आज अंगावर दोन बोटं मांस असतं. बायडी बोलली, सरकारने कॉलेजांचा पैसा कापला, आता तासावर शिकवणाऱ्यांना घरी बसवणार. मंग ज्यांची नोकरी पक्की हाय त्यांनी राहावं उन्हात उभं! तू पोरांना भूगोल शिकवतेस आणि आपली स्वतःची जागा कुठे हाय ते तुला दिसत नाय. संघटनेची सेक्रेटरी होऊन ताटात काय पडतं तेवढं कळव.

माझा लोभ हाय, पण तो ओल्या मासळीसारखा हाय, फार दिवस टिकत नाय. लवकर ये.

आजी रखमाबाई


पालघर,
७ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सुकटीच्या वासामुळे स्टाफरूममध्ये सगळ्यांनाच पोचलं. विपुल सरांनी विचारलं की हे संघटनेचं गुप्त पत्र आहे का.

तू विचारलंस ते सांगते. सरकारकडून येणारं अनुदान कमी झालं, म्हणून संस्था म्हणते की दुसऱ्या सत्रापासून भूगोल, इतिहास आणि अजून काही विषयांत तासावरची माणसं ठेवणार नाही. म्हणजे मी आणि इतिहासाची वर्षाराणीही. तिच्या नवऱ्याचा बोईसरचा कारखाना बंद पडलाय, त्यामुळे सालवडचं घर ती एकटी चालवते. विपुल सर आमच्या संघटनेचे अध्यक्ष, त्यांची नोकरी पक्की आहे, पण उन्हात तेही उभे असतात. फोटोत कडेला जो छत्रीचा दांडा दिसतो तो त्यांचा.

सोमवारी संस्थेच्या अध्यक्षांबरोबर बोलणी आहेत. आमचं एकच ठरलंय. बोलायचं ते सगळ्यांचं मिळून. एकट्यादुकट्याने आपलं काम साधायला जायचं नाही. आमच्याकडे दुसरं हत्यार नाही. तेव्हा आजी, बाजारात या विषयावर भाषण करू नकोस.

गुडघ्याला तेल लाव. माझ्यावरचा लोभ बर्फात घालून ठेव, बोलणी झाली की येते.

तुझी,
प्रतीक्षा


नवापूर,
९ नोव्हेंबर, रविवार

चि. प्रतीक्षा,
आशीर्वाद, आणि आज ते पेढ्यासकट.

तुझं पत्र वाचलं. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं हाय, चौथी शिकलेल्या बाईचा विचार करून लिहीत जा. एकट्याने जाऊन बोलायचं नाय असं तुमच्या संघटनेचं ठरलंय, ते कळलं. पण मी काय तुमच्या संघटनेत नाय. म्हणून मी बोलले.

तुमच्या संस्थेचा अध्यक्ष दर रविवारी बोईसरच्या बाजारात येतो, पांढरी पॅन्ट घालून, आणि मासळी माझ्याकडनंच घेतो. पॅन्टीला पाणी उडू नये म्हणून बगळ्यासारखा उभा राहतो. मी त्याला विचारलं, माझ्या नातीला, भूगोलाच्या प्रतीक्षाला, काढताय म्हणे? तो बोलला, तुमची नात असल्याचं ठाऊक नव्हतं, आजी. तिची काळजी सोडा, संस्थेच्या खर्चाने तिला पूर्णवेळची ऑर्डर देतो, पक्की. बायडी साक्षीला होती.

झालं! तुमचे मोर्चे, फिती, घोषणा, आणि हे काम मी पापलेट साफ करता करता केलं. आता ती फीत काढून ठेव आणि जेवायला ये.

लोभ दुप्पट केलाय, हलका समजू नकोस.

आजी


पालघर,
११ नोव्हेंबर

आजी,

नमस्कार नंतर. हे मी तुझ्याकडूनच शिकले.

काल बोलणी सुरू व्हायच्या आधीच संस्थेचे अध्यक्ष हसत म्हणाले की सेक्रेटरीबाईंचं तर मिटलंय, त्यांच्या आजी येऊन शब्द टाकून गेल्या, आता उरलेल्यांचं बोलू. उरलेल्यांचं! वर्षाराणी माझ्या शेजारी होती. तिने फक्त आपली पर्स टेबलावरून उचलून मांडीवर घेतली. मी तिथेच म्हटलं की मला ऑर्डर नको, पण तोवर सगळे माझ्याकडे पाहत होते, अध्यक्षांकडे कुणीच नाही. बाहेर आल्यावर विपुल सर म्हणाले की घरात फितुरी असेल तर खुर्चीवर बसू नये. पुढची बोलणी चोवीस तारखेला आहेत आणि मी तिथे असणार की नाही, मला माहीत नाही.

लहानपणी मी तुझ्या पाटीमागे बसायचे. वर एक पापलेट, खाली बारकी मांदेली, असा तू वाटा लावायचीस. कुणी नुसतं पापलेट उचलायला हात घातला की त्या हातावर चापटी मारायचीस, म्हणायचीस, वाटा फुटला की मांदेली मांजराची. परवा त्या माणसाने तुझ्यासमोर वाटा फोडला, आजी. आणि ते पापलेट तू त्याला साफ करून दिलंस.

बाबाही म्हणतात, आलेली नोकरी घे. तुम्ही दोघं मला काही दिवस फोन करू नका.

प्रतीक्षा


नवापूर,
१६ नोव्हेंबर, रविवार

चि. प्रतीक्षा,
आशीर्वाद. घ्यायचे तर घे.

फोन करू नका लिहिलंस, म्हणून पत्र. माझं चुकलं असं मी लिहिणार नाय. त्यातला उकार पहिला की दुसरा ते मला आठवत नाय.

आज तो बगळा आला. मी वाटा लावला होता, वर पापलेट, खाली मांदेली. त्याने पापलेट दाखवलं. मी बोलले, अख्खा वाटा घ्या. तो हसला, बोलला मांदेली आमच्याकडे कोण खात नाय. मंग मी उठून उभी राहिले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले की गेल्या रविवारी याच पाटीवर मी नातीसाठी शब्द टाकला होता, आज याच पाटीवरनं उचलते. तिची ऑर्डर नको, द्यायची तर सगळ्यांना द्या. तो म्हणतो, आजी, सहीला ठेवलेला कागद हाय, असं परत होत नाय. मी बोलले, मंग त्यात सुकट बांधा.

त्याने पापलेटाला चढा भाव दिला. मी दिलं नाय. तो बायडीकडे वळला, तर तिने आपल्या पापलेटावर टोपली पालथी घातली. पुढच्या बायांनीही तेच. रांगेच्या टोकापर्यंत जाऊन तो रिकामी पिशवी घेऊन परतला, आणि पॅन्टीवर पाणी उडायचं ते उडालंच.

याने तुमी बोलणी जिंकाल असं मला वाटत नाय. तो ताज्या मासळीवाचून मरणार नाय, फ्रीजमधली खाईल. तुझी नोकरी जायचीच तर जाईल. तुझा बाप म्हणतो, म्हातारीने घरात आलेली लक्ष्मी पाटीवरनं हाकलली. दुपारपासून तो माझ्याशी बोलत नाय, त्यामुळे घर शांत हाय.

डब्यात अख्खा वाटा तळून पाठवलाय, पापलेट आणि मांदेली एकत्र. स्टाफरूममध्ये मधोमध ठेव. पहिला घास वर्षाराणीने घ्यायचा, कुठलाही. पापलेट कोणी एकट्याने उचललं तर नाव कळव.

लोभ तुझ्यावर होता तेवढाच हाय, फक्त आता त्यात इतरांनाही हिस्सा द्यावा लागेल.

आणि या पत्राला तू उत्तर लिहायचं नाय. तुझा बाप तर नायच नाय. उत्तर त्या विपुलने लिहायचं, आपल्या हाताने, मोठ्या अक्षरात. चोवीस तारखेला माझी नात खुर्चीवर बसणार की नाय, ते पहिल्या ओळीत. नमस्कार नंतर.

आजी रखमाबाई